पाण्याचा संशय

लासुर्ण्यात सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसाला सर्जेरावांचं तोंड क्वचितच दिसायचं. दिसायची ती पाठ. दारातल्या पिकअपचं बॉनेट वर, सर्जेराव कमरेपासून आत, आणि टोपी काढून बॅटरीवर ठेवलेली. "काय सर्जेराव, बिघडली का गाडी?" असं कुणी विचारलं, की आतूनच उत्तर यायचं, "बिघडू ने म्हनून बगतूय." पुढं पुढं गावानं विचारायचं सोडून दिलं. माणूस पूजेला बसला की त्याला हाक मारत नाहीत, तसं ते झालं.

काम म्हणाल तर किरकोळ. डिझेलच्या गाडीला फिल्टर असतो आणि त्याच्या बुडाशी एक वाटी असते. डिझेलबरोबर आलेलं पाणी जड म्हणून तळाला बसतं, त्या वाटीत साठतं, आणि वाटीखालचा स्क्रू सैल केला की गळून जातं. पंधरा दिवसांतून एकदा करायची गोष्ट. सर्जेराव रोज करायचे. सरबताची काचेची बाटली खाली धरायची, स्क्रू फिरवायचा, चार बोटं डिझेल काढायचं आणि बाटली उन्हाकडं धरून निरखायची. सराफानंही सोनं इतकं निरखू नये. तळाशी पाण्याचा थेंब दिसला की कपाळाला आठी पडायची. थेंब दिसला नाही तर त्याहून मोठी आठी, कारण मग पाणी गेलं कुठं?

हे वेड काही त्यांना जन्मापासून नव्हतं. मागल्या पावसाळ्यापर्यंत सर्जेराव चारचौघांसारखेच गाडीवाले होते. थोडा ऊस, एक ट्रॅक्टर, ही पिकअप, आणि भाडं मिळेल तसं भिगवणची मासळी, कुणाची भाजी, कुणाची वैरण. आमच्या बाजूला ट्रॅक्टर ज्याच्या दारात त्याच्या गोठ्यामागं डिझेलचं बॅरल असतंच. ते बॅरल दिवसा तापतं, रात्री गार होतं, आतल्या पत्र्याला दव धरतं आणि तळाला पाणी बसतं. जाणता माणूस तळातलं डिझेल सोडून देतो. पण त्या दिवशी सर्जेरावांना मासळी भरायची घाई होती, पंपावर रांग होती, आणि तळातलं तरी कशाला वाया घालवायचं म्हणून त्यांनी बॅरल कलतं करून शेवटच्या थेंबापर्यंत कॅनमध्ये ओतून घेतलं.

भिगवणच्या पुढं हायवेवर गाडी जी बसली ती बसलीच. बर्फाचं पाणी झालं, मासळीचा वास सुटला, कुत्री गोळा झाली. शेवटी एका मिस्त्रीनं फिल्टरची वाटी उघडली तर आतून भळाभळा पाणी आलं. मासळी फेकावी लागली ती लागलीच, वर ज्याची मासळी तो व्यापारी चारचौघांत म्हणाला, "गाडीला घरचं पानी पाजून चालवताय व्हय तुमी?" लोक हसले. सर्जेरावही तोंडदेखले हसले. पण ते वाटीतून पडलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सर्जेराव तर त्यानंतर कोरडं भांडंसुद्धा फुंकायला लागले.

तरीही हे वेड एवढं वाढलं नसतं. वाढलं ते आक्का घरी आल्यावर.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण रंगूबाई. दिली होती लोणी भापकरला. दाजी गेले, लेक लग्न होऊन लांब गेली, आणि आक्काची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बारामतीला जाऊन डायलिसिस. एकटीनं कसं जमायचं? सर्जेराव गेले आणि आक्काला गाठोड्यासकट लासुर्ण्याला घेऊन आले. लहानपणी आई शेतात असायची तेव्हा ह्याच आक्कानं त्यांना कडेवर वागवलं होतं. आता पिकअपच्या केबिनमध्ये चढताना ते तिचा हात धरायचे आणि ती म्हणायची, "मला काचंची समजू नगंस, सर्जा."

आक्काची जीभ तिखट होती. पहिल्यांदा तिनं ते डायलिसिसचं यंत्र बघितलं तेव्हा घरी येऊन लीलाबाईंना, म्हणजे आपल्या भावजयीला, म्हणाली, "तुज्या नवऱ्याच्या गाडीला वाटी हाय, मला तीबी न्हाय. माजं पानी काढाय बारामतीला जावं लागतं." लीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सर्जेरावांना मात्र हसू आलं नाही.

कारण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आक्काचा जीव आठवड्यातून दोन वेळा ह्या गाडीवर आहे. गाडी रस्त्यात बसली की आक्काची वेळ चुकली. सकाळच्या शिफ्टला पलंग ठरलेला. उशीर झाला की पुढचा पेशंट चढतो, आणि मग कुठं जागा मिळेल ते देव जाणे. भिगवणला मासळी नासली होती. इथं आक्का होती. ह्या विचारानं ते पहाटेच जागे व्हायचे, आणि उठले की आधी बॉनेट उघडायचे. काही दिवस तर बारामतीला पोचल्यावर दवाखान्याच्या दारातही उघडायचे.

आणि पाण्याची भीती गाडीपुरती राहिली नाही. डॉक्टरांनी आक्काला पाण्याचं माप घालून दिलं होतं. दिवसाला एक बाटली, चहा त्यातच धरायचा. मूत्रपिंडं चालत नाहीत म्हटल्यावर जास्त प्यायलेलं पाणी अंगातच राहणार. ती बाटली सकाळी सर्जेराव स्वतः भरून द्यायचे. दवाखान्यात गेल्या गेल्या तिथले लोक आक्काला काट्यावर उभं करायचे, ठरलेल्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी यंत्रानं ओढायचं, असा हिशेब. सुरुवातीला वजन नीट यायचं. मग हळूहळू आकडा चढायला लागला. पाणी जास्त ओढावं लागायचं, ओढताना आक्काच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, ती कण्हायची, घरी येऊन दिवसभर गळून पडायची. सर्जेराव तो आकडा बघायचे आणि त्यांचं तोंड काळंठिक्कर पडायचं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. आक्का चोरून पाणी पीत असणार, दुसरं काय?

ते तोंडानं बोलले नाहीत. पण त्यांनी माठ उचलून उंच फळीवर ठेवला. मोरीतला तांब्या ओला आहे का, ते बोट फिरवून बघायला लागले. लीलाबाईंच्या ते ध्यानात आलं तशा त्या कडाडल्या, "आवं, बहीण हाय ती तुमची, चोर न्हवं." सर्जेराव म्हणाले, "मी कुटं काय म्हनलं?" आणि गोठ्याकडं निघून गेले. माणूस वाईट नव्हता हो. भ्यालेला होता. आणि भ्यालेला माणूस वाईट माणसापेक्षा जास्त जाचतो, कारण त्याच्यावर रागावताही येत नाही.

त्यातच गाडीनं नवी खोड काढली. सकाळी सुरू व्हायला वेळ लावायची. चावी फिरवली की नुसतीच कुरकुरायची, मग कधीतरी धडधडायची. सर्जेरावांनी ओळखलं, पाणी! डॅशबोर्डवर पाण्याचा म्हणून एक दिवा असतो, वाटीत पाणी साठलं की तो लागतो. तो लागत नव्हता. पण दिव्याचं काय घेऊन बसलात, दिवा खोटंही बोलत असेल. ते सकाळी उघडायचे तो स्क्रू आता संध्याकाळीही उघडायला लागले. परत बसवताना हातानं आवळून समाधान होईना, म्हणून पकडीनं आवळायचे. फिल्टरच्या बुडाशी ओलसर मळ धरायला लागला होता. तो ते रोज फडक्यानं पुसून काढायचे.

त्या मंगळवारी सकाळी गाडीनं चावीला दाद द्यायला फारच वेळ घेतला. सुरू झाली खरी, पण सर्जेरावांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंतचा खाडा मोठा, मंगळवार चुकवून चालत नाही. त्यांनी गाडी बंद करून पुन्हा एकदा वाटी तपासली, पकडीनं स्क्रू आवळला आणि आक्काला हाक मारली. आक्का पिशवी घेऊन आली, स्टुलावर पाय ठेवून केबिनमध्ये चढली. बाटली मांडीवर.

"काल मापाचंच प्यालीस नव्हं?" सर्जेरावांनी गिअर टाकता टाकता विचारलं.

"काट्यावर कळंल की," आक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बेलवाडी गेली. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. सर्जेराव त्यांच्या मागं अडकले की हॉर्न वाजवायचे, आणि पुढं निघाले की कान इंजिनाकडं लावायचे. सणसरच्या अलीकडं गाडीचा जोर कमी झाल्यासारखा वाटला. त्यांनी आक्काकडं बघितलं. तिला काही कळलं नव्हतं. की कळलं होतं आणि ती बोलत नव्हती? सणसर मागं पडलं, भवानीनगर मागं पडलं. आता पिंपळी आली की बारामती आलीच, असं ते मनाशी म्हणत होते, तोच गाडीनं एक गचका दिला, दुसरा दिला, आणि कालव्याच्या कडेला ती गप झाली.

सर्जेरावांना भिगवणच्या हायवेवरची ती कुत्री आठवली. चावी फिरवली, नुसती कुरकुर. खाली उतरले, बॉनेट उघडलं, बाटली धरली, स्क्रू सोडला. डिझेल आलं. उन्हाकडं धरलं. स्वच्छ, पिवळंधमक. पाण्याचा टिपूस नाही. पुन्हा काढलं. पुन्हा स्वच्छ.

"हाय, आतच दडून बसलंय," ते पुटपुटले. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप त्यांनी फसाफसा मारला, चावी फिरवली, गाडी सुरू झाली, विजेच्या दोन खांबांइतकी चालली आणि पुन्हा मेली.

"सर्जा, हवा धरली आसंल तिनं," आक्का वरून म्हणाली. लोणीला विहिरीवर तिच्या सासऱ्याचं डिझेल इंजिन होतं, ते तिनं वर्षानुवर्षं चालवलं होतं. "आमचं इंजिन आसंच करायचं. धुगधुगायचं आन मरायचं."

"तुजं इंजिन येगळं, ही गाडी येगळी. ह्यात पानी हाय."

"बाटलीत तर दिसंना."

"तू गप बस जरा, आक्का!"

त्यांनी सणसरच्या राजवर्धनला फोन लावला. राजवर्धनचं तिथं पिकअप दुरुस्तीचं गॅरेज होतं, पोरगा हुशार. तो म्हणाला, निघतोच. मग डायलिसिसच्या सिस्टरला, प्रगतीला, फोन लावला. ती म्हणाली, "मामा, थोडा वेळ पलंग धरून ठेवते. पण फार नाही जमायचं, पुढचे पेशंट येऊन बसलेत."

आक्का म्हणाली, "एसटीला हात कर. नायतर कुनाची गाडी थांबव."

"व्हईल, व्हईल सुरू. एसटीच्या गर्दीत तुला उभं ऱ्हावं लागंल, चक्कर येईल." ते परत बॉनेटखाली शिरले. खरं तर त्यांना तिला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नव्हतं. स्क्रू उघडला, काढलं, बघितलं, बसवला. पुन्हा तेच. ऊन चढत होतं. पिंपळीकडून येणारी जाणारी वाहनं धूळ उडवत जात होती, आणि प्रत्येक गाडीबरोबर आक्काचा पलंग आणखी लांब जातोय असं त्यांना वाटत होतं.

केबिनमध्ये आक्काला उन्हाची तहान लागली. तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. तेवढ्यात सर्जेराव फडक्यासाठी खिडकीपाशी आले आणि त्यांना ते दिसलं.

काय झालं ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मागल्या महिन्याभराचं साठलेलं सगळं एकदम तोंडातून आलं. "आजून पानीच! म्हनून तर काटा चढतूय, आक्का! चोरून पितीस तू, मला काय कळत न्हाय व्हय? मी हितं गाडीखाली मरतूय तुज्यासाठनं आन तू चोरून..."

आक्का त्यांच्याकडं बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली सीटवर ठेवली, दार उघडलं आणि कुणाचा हात न धरता खाली उतरली. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. बारामतीची एसटी येत होती. म्हातारीनं हात केला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली.

सर्जेराव धावले. "थांब, आक्का, मीबी येतो."

"तू गाडीपशी ऱ्हा," आक्का पायरीवरून म्हणाली. "तिलाच तुजी गरज हाय." दार लागलं, एसटी निघाली.

सर्जेराव रस्त्यावर उभेच राहिले. मग केबिनपाशी आले. सीटवर ती बाटली होती, सकाळी भरून दिली होती तशीच्या तशी, काठोकाठ. आणि माणसाच्या मनाचा खेळ बघा, त्याही क्षणी त्यांच्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की बाटली भरलेली आहे म्हणजे दुसरीकडून पिऊन आली असणार. मग दुसरा विचार आला, की उन्हाची म्हातारी बिनपाण्याची गेली. त्यांनी तिच्या मोबाईलवर फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. परत केला. तेच. एसटीत बसायला जागा मिळाली असेल का? स्टँडवर उतरून दवाखान्यापर्यंत चालत जायचं, रिक्षा करेल का? कुठं बसून राहिली असेल? मन चिंती ते वैरीही चिंतणार नाही, आणि सर्जेरावांच्या मनाला तर त्याचा रोजचा सराव होता.

राजवर्धन मोटारसायकलवरून आला. त्यानं बॉनेटखाली बघितलं, बाटलीतलं डिझेल बघितलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यात पानी कुठाय?"

"आत आसंल."

राजवर्धननं वाटीच्या बुडाशी बोट फिरवलं. बोट काळं आणि ओलं झालं. त्यानं स्क्रू काढून तळहातावर घेतला. "हे बगा. आटे पार झिजल्यात. रबराची रिंग कापलीया. पकडीनं आवळता व्हय ह्याला?"

"घट्ट बसावा म्हनून."

"किती दिसांनी उघडता?"

सर्जेराव म्हणाले, "रोज. येखाद्या दिशी दोनदा."

राजवर्धननं त्यांच्याकडं बघितलं, पण हसला नाही. "तात्या, पान्याचा थेंब न्हाय तुमच्या गाडीत. गाडी हवा धरती. गाडी उभी ऱ्हायली की ह्या फटीतनं हवा आत शिरती, डिझेल मागं टाकीत उतरतं, म्हनून सकाळी सुरू व्हईना. तुमी पानी समजून परत उघडायचा, फट आजून वाढायची." त्यानं स्क्रू पुसून बाजूला ठेवला. "गाडीचा दोष न्हाय ह्यो. उघडून उघडून तुमीच घालवलीसा ती."

सर्जेराव मैलाच्या दगडावर बसले. आक्का म्हणाली होती. हवा धरली असेल, असं ती सरळ म्हणाली होती, आणि त्यांनी तिला गप बस म्हटलं होतं. पाणी दिसत नव्हतं तरी त्यांनी पाण्यावरच बोट ठेवलं होतं. मग आक्काच्या अंगात तरी त्यांनी पाणी बघितलं होतं कुठं? हा प्रश्न मनात आला आणि त्यांना भयंकर भीती वाटली. गाडी बंद पडण्याची भीती ह्यापुढं काहीच नव्हती.

राजवर्धननं सोबत आणलेला नवा फिल्टर बसवला, हातपंप मारून मारून हवा काढली. डिझेलबरोबर फेस आला, बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल आलं. गाडी पहिल्याच चावीला उठली. "आता पंधरा दिस हात लावायचा न्हाय," राजवर्धन म्हणाला. सर्जेरावांनी मान हलवली आणि गाडी बारामतीकडं पिटाळली. आक्का फोन उचलत नव्हती.

दवाखान्याचा जिना ते कसे चढले ते त्यांनाच ठाऊक. डायलिसिसच्या खोलीच्या दारातून आत बघितलं. आक्का पलंगावर होती. हाताला नळ्या लावलेल्या, यंत्र फिरत होतं, डोळे मिटलेले. सर्जेरावांनी दाराची चौकट धरली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

प्रगती सिस्टर पुढं आली. "या मामा. आजी एकट्याच आल्या, रिक्षानं. अगदी वेळेत आल्या. फोन पिशवीत होता, एसटीच्या आवाजात ऐकू आला नाही म्हणाल्या, आणि इथं आल्यावर हात अडकलेला. बरं झालं आलात, डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय."

सर्जेराव पुढं सरकले. "काय?"

"घाबरू नका, चांगलंच आहे. आज परत वजन जास्त भरलं, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः तपासलं. पायांवर सूज नाही, छाती स्वच्छ आहे. अहो, हे वजन पाण्याचं नाहीच. तुमच्याकडं आल्यापासून आजी नीट जेवतायत, अंगाला भर आलीय त्यांच्या. आपण जुनं वजन धरून जास्तीचं पाणी ओढत होतो, म्हणून पायात गोळे यायचे. आजपासून वजनाचा आकडा बदललाय. बघा, आज एकदाही कण्हल्या नाहीत."

प्रगतीनं आक्काच्या ओठांकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण आजी, तोंड इतकं का सुकलंय हो? ठरवून दिलंय तेवढं पाणी पिता ना?"

आक्कानं डोळे उघडले. भावाला बघितलं.

"निम्मं पिते," ती म्हणाली. "ऱ्हायल्यालं मागल्या दारी कढीपत्त्याला वतते."

"अहो, का पण?" प्रगती म्हणाली. "तेवढं पाणी लागतंच शरीराला."

आक्का प्रगतीला उत्तर देत होती, पण बघत होती सर्जेरावांकडं. "काट्यावर उभी ऱ्हायले की ह्यो आकडा बगतूय. आन मी ह्याचं त्वांड बगते. त्ये बगवत न्हाय मला. म्हनलं, कमी प्याले तर तरी ह्येचा जीव खाली बसंल."

प्रगती दुसऱ्या पलंगाकडं गेली. सर्जेरावांनी गाडीतून आणलेली बाटली काखेतून काढली. झाकण उघडताना त्यांची बोटं झाकणावरून घसरत होती, डिझेलनं अजून बुळबुळीत होती. त्यांनी ती सदऱ्याला पुसली, झाकण काढलं, आक्काचं डोकं उशीवरून जरा उचललं आणि बाटली तिच्या ओठाला लावली.

"आक्का, चुकलं माजं," ते म्हणाले. आणखी खूप म्हणायचं होतं.

आक्कानं एक घोट घेतला. अगदी लहान. मग मोकळ्या हातानं बाटली त्यांच्याकडून घेतली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, पाणी कुठवर उतरलंय ते त्यांना नीट दिसावं म्हणून. प्रत्येक घोटानंतर अशी बाटली दाखवायची सवय तिला कधी लागली होती, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

सर्जेरावांनी ती बाटली खाली केली. "मला दावू नगं, आक्का," ते कसंबसं म्हणाले, "पी तू." आणि ती पीत असताना तिच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.